मावशीने जावयाला दिलेला शब्द

मावशीचा जावई तिला नातीला आंघोळ घालू देत नसे.

मांडीवर घ्या, भरवा, झोपवा, त्याची काही हरकत नव्हती. पण न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज झाला, की हा खालच्या वर्कशॉपमधून धडधडत वर यायचा, दारात उभा राहायचा आणि बायकोला हाक मारायचा, "आंघोळ तू घाल." जिच्या हातांनी अर्ध्या गावाची पहिली आंघोळ झाली, तिच्या हातात पाण्याचा मग दिसलेला याला चालत नसे. शेजारीपाजारी यावर हसायचे. सासूला पाण्यात पाहणारा जावई म्हणून विनोदही करायचे. मावशीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे, आणि खरं सांगायचं तर नव्हतंच.

मावशी म्हणजे बाजारामागच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहाची सुईण. डॉक्टरीणबाईंपासून फरशी पुसणारीपर्यंत सगळ्यांची ती मावशीच. बुटकी, रुंद, हात मात्र अंगाच्या मानाने मोठे. नवरा ऐन तारुण्यात गेला, एक मुलगी पदरात टाकून. तेव्हापासून बाई जी कामाला लागली ती लागलीच. तोंडाची फटकळ. कळांनी किंचाळणाऱ्या बायकांना सरळ विचारायची, "ओरडायला आलीस की बाळंत व्हायला?" त्या वेळी त्या बायका तिच्या नावाने बोटं मोडायच्या आणि पुढच्या खेपेला "मावशी आहे ना?" असं विचारूनच पायऱ्या चढायच्या.

आणि मावशी कॅथलिक होती. नावापुरती नव्हे. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकली तर सोमवारी तिच्यासमोर जायची कोणाची छाती नसायची. प्रसूतीच्या खोलीत औषधांच्या ट्रॉलीवर झाकण घातलेला स्टीलचा एक पेला कायम भरलेला असे. डॉक्टरीणबाईंचा देवाधर्मावर विश्वास नव्हता. त्यांना बरीच वर्षं वाटत होतं, मावशीला तहान फार लागते.

तो पेला प्यायचा नव्हता. कॅथलिकांमध्ये असं आहे, की बाळ हातचं जातंय असं दिसलं आणि फादरांना बोलवायला वेळ नसला, तर जवळ असेल त्याने बाप्तिस्मा द्यावा. डोक्यावर पाणी घालायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, एवढंच. मावशी हे करत असे, पण ओळखीच्या, आपल्याच चर्चच्या घरांत, आणि आईबापाला विचारून. इतरांच्या मुलांना तिने कधी थेंब लावला नाही. तिच्या लहानपणी तिच्या आईचं एक मूल जन्मताच गेलं होतं, बाप्तिस्म्याविना. त्या काळचे लोक कडक, बाप्तिस्म्याविना गेलेल्याला स्वर्ग नाही असं मानणारे. त्यांनी ते मूल दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. आई आत जाऊन देवाचं सगळं करायची आणि मग कुंपणाबाहेर जाऊन उभी राहायची. तिचा हात धरून मावशीही उभी राहायची. तेव्हा जे मनात बसलं ते कायमचं बसलं.

मुलीने लग्न केलं ते प्रोटेस्टंटाशी. जळलेल्या विजेच्या मोटारींना तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरायचं त्याचं काम, खाली वर्कशॉप आणि वर घर. अंगाला कायम वॉर्निशचा वास. माणूस सरळ, कमी बोलणारा, पण देवाचा विषय निघाला की सुटायचा. मावशीही कमी नव्हती. रविवारी दोघं आपापल्या चर्चमधून यायचे आणि जेवणं होईपर्यंत त्यांची जुंपलेली असायची.

"आई, मारियाला कशाला मध्ये घालता? थेट तिच्या मुलाशी, येशूशी बोला की," तो म्हणायचा.

"तुम्ही लग्न ठरवायला आलात तेव्हा थेट माझ्या मुलीशी बोलून मोकळे झालात का? आधी माझ्याच दारात आलात ना, गोड गोड बोलत?"

तो हसायचा, हरल्यासारखं करायचा आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना का करता म्हणून दुसऱ्या बाजूने यायचा. आवाज चढायचे, पण पातळी सुटायची नाही. वाद घालता घालता तो तिच्या ताटात वाढायचा, तीही न थांबता जेवायची. मुलगी म्हणायची, "तुम्हा दोघांना देवाने एकमेकांसाठीच ठेवलंय, मी आपली निमित्ताला."

त्याच्या पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. मोठं झाल्यावर, आपल्याला काय हवंय ते कळल्यावर, ज्याने त्याने स्वतः मागायचा आणि पाण्यात पूर्ण बुडून घ्यायचा. यावरही दोघांचं भांडण होई, पण घरात मूल नव्हतं तोवर ते भांडण हवेतलं होतं.

मग नात झाली. डॉक्टरीणबाई वर ऑपरेशनमध्ये अडकलेल्या आणि इकडे मावशीच्या मुलीच्या बाळाचं डोकं दिसायला लागलं ते नाळेचा वेढा मानेभोवती घेऊनच. मावशीने वेढा सोडवला, बाळ बाहेर घेतलं. काळंनिळं, ओल्या फडक्यासारखं लुळं. तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. काही नाही. मुलगी अर्धवट शुद्धीत, जावई बाहेर बाकावर. मावशीचा हात पेल्याकडे गेला. तिने पाणी घातलं, नावं घेतली, पेला ठेवला आणि पुन्हा पाठ चोळायला लागली. थोड्या वेळाने पोर रडली.

पाण्याने रडली असं मावशी कधीच म्हणाली नाही. पाठ चोळल्याने रडली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाणी पुढच्यासाठी होतं, वाचली नसती तर. बाहेर जाऊन बापाला विचारायला वेळ नव्हता, हे खरं. पण विचारायला हवं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही, हेही तेवढंच खरं. घरचंच मूल होतं. आणि इथेच बाई चुकली.

त्याहून मोठी चूक तिने पुढे केली, आणि तीही चांगुलपणाने. नात बसायला लागली तेव्हा जावयाच्या चर्चमध्ये तिला पुढे नेऊन आशीर्वाद दिला. नंतर घरी जेवण होतं. जावई खुशीत होता. सहसा न सांगणारी गोष्ट त्याने त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितली. तरुणपणी तो दारूत बुडालेला होता, बापाच्या अंगावर धावून जायचा. एका सकाळी स्वतःच्या पायांनी चर्चच्या पाळकांकडे गेला आणि नदीच्या गार पाण्यात उतरला. "माझ्या आयुष्यात तो एकच दिवस मी स्वतः निवडला," तो म्हणाला. "बाकीचे नुसते येत गेले. माझ्या पोरीलाही तिचा दिवस मिळावा. कधी, ते तिचं ती ठरवेल."

मावशीला भरून आलं. या भल्या माणसाच्या डोक्यावर एवढी काळजी कशाला, असं तिला वाटलं. तिने मायेने त्याच्या हातावर हात ठेवला.

"त्याची चिंताच करू नका, जावईबापू. ते मी केव्हाच करून टाकलंय."

एखाद्याचं खोळंबलेलं काम परस्पर उरकून आल्यावर माणूस सांगतो, तसं तिने सांगितलं. त्याला आधी कळेचना. मग त्याने नीट विचारून घेतलं, कधी, कुठे, कसं. मावशीने सगळं सांगितलं. ताटात हात तसाच ठेवून तो ऐकत होता. पाहुणे एकेक करून उठले, तेव्हा तो बोलायला लागला.

"मला विचारलं नाहीत."

"वेळ होता का? पोर मरत होती."

"नंतर वेळ होता. इतके महिने होता."

मावशीलाही राग आला. "तुम्ही तर तान्ह्यांचा बाप्तिस्मा मानतच नाही. तुमच्या लेखी ते नुसतं पाणी. मग डोक्यावर चार थेंब पडले तर एवढं काय झालं?"

"माझ्या लेखी नुसतं पाणीच आहे. पण तुमच्या लेखी नव्हतं. माझी मुलगी माझ्या पाठीमागे तुम्ही तुमच्यात घेतलीत, आणि समजून उमजून घेतलीत. तिला वाचवलंत, ते उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण एका हाताने वाचवलीत आणि दुसऱ्या हाताने तिचं जे होतं ते काढून घेतलंत. तो दिवस तिचा होता."

मुलगी मध्ये पडली. "आई, चुकलं म्हण आणि मिटव."

"विचारलं नाही, ते चुकलं," मावशी म्हणाली. "पाणी घातलं, ते चुकलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घालीन."

हे शेवटचं वाक्य तिने गिळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गिळणं हा प्रकार तिला येत नव्हता. जावई उठला, हात धुतले आणि खाली गेला. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमधून ठाकठूक ऐकू येत राहिली.

त्या दिवसापासून तो तिला आई म्हणेनासा झाला. नात कधी तिच्याकडे एकटी राहिली नाही. आंघोळीचं सांगितलंच. पिण्याचं पाणीसुद्धा मावशीने तिला पाजलं तर तो मान वळवून बघायचा. रविवारचे वाद बंद पडले, कारण वाद घालायला समोरच्याबद्दल थोडी माया लागते. आता टोमणे उरले. तो जेवताना मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "विश्वास दुसऱ्याने आपल्या अंगावर ओतायची वस्तू नाही." ती ताटातच बघून म्हणायची, "काहींच्या अंगावर नदी ओतली तरी काही भिजत नाही." पोर मोठी व्हायला लागली तशी निरोप्या झाली. "तुझ्या आजीला सांग, जपमाळ जेवणाच्या टेबलावर नको." "तुझ्या बाबांना सांग, टेबल माझ्या मुलीचंही आहे." ती बिचारी दोन्हीकडे तोंड करून पोपटासारखी सांगायची आणि एक दिवस सांगता सांगता रडायला लागली.

मावशीने फादरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मरणाची भीती होती, तर केलंत ते योग्यच. पण मावशी, जेवताना सांगायची काय गरज होती?" 

मुलीला पुन्हा दिवस गेले आणि या खेपेला सुरुवातीपासूनच रक्त जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाठ टेकून पडून राहायचं, उठायचं नाही. घरात कोणीतरी जाणतं माणूस हवं. मुलीने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "मला आई हवी. दुसरी कोणी नको."

जावई प्रसूतिगृहात आला. मावशी मागच्या खोलीत उकळत्या भांड्यातून कात्र्या-चिमटे काढत होती. तो दारात उभा राहिला, आत आला नाही.

"तुम्ही राहायला या," तो म्हणाला. "पण आधी मला शब्द द्या. कशीही वेळ आली तरी माझ्या मुलाला तुम्ही पाणी घालणार नाही."

"मरत असलं तरी?"

"मरत असलं तरी. ते बाळ देवाचंच असेल, पाण्याशिवायही. माझा विश्वास आहे तसा."

"आणि शब्द नाही दिला तर?"

"तर मी नर्स ठेवीन. आणि तुम्हाला माहीत आहे, ती तुमच्याइतकी चांगली नसेल."

मावशीने चिमट्याने कात्री उचलली, पुन्हा पाण्यात सोडली. "कशावर हात ठेवून देऊ? तुम्हाला माझी मारिया चालत नाही."

"कशावर नको. नुसतं हो म्हणा. तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे."

हे त्याने तोंड वाकडं करूनच म्हटलं, पण म्हटलं. मावशीला त्याचाच जास्त राग आला. फसवायची सोयसुद्धा या माणसाने ठेवली नव्हती.

तिने उद्या सांगते म्हटलं आणि फादरांना गाठलं. हे फादर नवे, तरुण होते. ते म्हणाले, "चर्च आता त्या जुन्या गोष्टी धरून बसत नाही. अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवायचं. त्याची दया फार मोठी आहे."

"मोठी आहे हे मलाही ठाऊक आहे, फादर. तो आत घेतो की नाही, ते सांगा."

"आपण आशा ठेवायची."

"खात्री नाही?"

"आशा आहे, मावशी."

आशेवर मावशीचा फारसा विश्वास नव्हता. बाळंतपणाच्या खोलीत आशा करत बसणाऱ्या नर्सेस तिने हाकलून दिल्या होत्या. पण मुलगी पलंगावर पडून होती, रक्त जात होतं, आणि प्रसूतिगृह घरापासून फार लांब नव्हतं. ती वेळ येणारच नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी जावयाला हो म्हटलं. तेवढंच. त्यानेही पुढे काही विचारलं नाही.

ती राहायला गेली आणि घरात दोन देव एकमेकांकडे पाठ करून राहू लागले. मावशीची जपमाळ उशीखाली, त्याचं शास्त्र, बायबल, कपाटावर. ती मुलीचं अंग पुसायची, पाय दाबायची, नातीची वेणी घालायची. आंघोळीच्या वेळी मात्र आपणहून गच्चीवर जाऊन उभी राहायची. त्याला वर यायला लागू नये म्हणून. यात नमतं घेणं नव्हतं. त्याने दारात उभं राहिलेलं तिला बघवत नव्हतं.

सातवा लागला आणि एका दुपारी मुलीच्या पोटातलं पाणी एकदम गेलं. नात शाळेत होती. मावशीने चादर उचलून बघितलं आणि जिन्यावरून खाली ओरडली. जावई वर आला, त्याने फोन केला, ॲम्ब्युलन्स निघाली असं समजलं. पण बाळ ॲम्ब्युलन्ससाठी थांबणार नव्हतं. मावशीने हात धुतले, पाणी उकळून घेतलं, निवायला पातेलं पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, त्यात कापूस बुडवला. मुलीला म्हणाली, "ओरड आता. आता ओरडायचंच काम आहे."

मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. त्वचा इतकी पातळ, की आतल्या शिरा दिसत होत्या. एकदा त्याने तोंड उघडलं, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज काढला आणि मग त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. मावशीने जावयाच्या हातून गरम केलेले टॉवेल घेतले, बाळ गुंडाळलं, त्याच्या नाका-तोंडावर तोंड ठेवून गालातल्या हवेचे छोटे छोटे श्वास दिले. एक, मग थांबून एक. बाळ मध्येच आपला श्वास घ्यायचं आणि मध्येच विसरायचं. अशी बाळं तिने पाहिली होती. यातलं काय होणार, हे तिला कळत होतं. मुलीचे डोळे मिटलेले होते, रक्त थांबलं होतं, नाडी लागत होती.

पातेलं तिच्या कोपरापाशी होतं. पाणी कोमट झालं असणार, हे हात न लावता तिला कळत होतं. उजव्या हाताची तीन बोटं बुडवायची, एवढंच काम. श्वास देता देता तिने मान वर केली. जावई पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो बाळाकडे बघत नव्हता. तो तिच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"काही बोलायचंय?" तिने विचारलं.

त्याचे ओठ हलले. ती थांबली. त्याने नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं.

"तुम्ही शब्द दिलाय," तो म्हणाला.

मावशीने पुन्हा तोंड खाली नेलं. उजवा हात तिने बाळाच्या पाठीखाली घातला, आणि तो तिथेच ठेवला. बाळाने आणखी काही श्वास घेतले, मग घेतले नाहीत. ती तरी देत राहिली. ॲम्ब्युलन्सचा भोंगा गल्लीत आला तेव्हाही ती देतच होती. वर आलेल्या माणसाने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने त्याचा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवर मुलगी शुद्धीत आली. मावशी उशाशी बसली होती. मुलीने तिच्याकडे बघितलं.

"आई, केलंस ना?"

"काय?"

"तू जे करतेस ते."

"नाही," मावशी म्हणाली. "शब्द दिला होता."

"शब्द," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळायला लागलं. "मला वाटलं होतं, तू कसली कोणाचं ऐकतेस. त्याला हो म्हणशील आणि तुला करायचं तेच करशील. म्हणून तर मी तुला बोलावून घेतलं होतं."

जावई औषधं घेऊन दारात आला होता. त्याने हे सगळं ऐकलं. औषधं त्याने खाटेवर ठेवली आणि तो निघून गेला. मावशी तशीच बसून राहिली. आयुष्यात तिने फारशा लोकांचं ऐकलं नव्हतं, आणि नेमकं त्या एका दिवशी ऐकलं होतं.

जावयाच्या चर्चने बाळाचं दफन केलं. पाळक चांगलं बोलले, निरागस जिवांना देव स्वतःच कुशीत घेतो म्हणाले. मावशी एका बाजूला उभी होती. जपमाळ तिने आणलीच नव्हती. परत आल्यावर तिने आपली पिशवी भरली. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती वळली नाही. मावशी पिशवी घेऊन जिना उतरली आणि बाहेर न जाता वर्कशॉपमध्ये शिरली.

जावई पंपाच्या मोटारीतून जळकी तार काढत होता. छिन्नीने एका बाजूचे वेढे तोडायचे आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीने ओढायचे. तिला बघून त्याने छिन्नी खाली ठेवली नाही.

"एक विचारायचंय," ती उभ्यानेच म्हणाली.

"विचारा."

"तो आत आहे का?"

कोण आणि कुठे, हे त्याने विचारलं नाही. "आहे."

"पाण्याशिवाय?"

"पाण्याशिवाय. ज्याला हो-नाही म्हणता येत नाही त्याला देव अडवत नाही. शास्त्रात..."

"शास्त्रातलं नको. पाळकांचंही नको. मी तुम्हाला विचारते आहे. तुम्हाला खात्री आहे?"

त्याने पक्कडीत धरलेली तार ओढली. ती अर्ध्यात तुटली.

"तिथे उभा होतो तेव्हा होती," तो म्हणाला. "तुमच्या हाताकडे बघत होतो, तेव्हा पुरी होती."

"आणि आता?"

त्याने तारेचं तुटलेलं टोक पुन्हा पक्कडीत धरलं. मावशीने पिशवी जमिनीवर ठेवली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि त्याच्या तोंडाकडे रोखून बघायला लागली.  इतकी वर्षं या माणसाचा एक तरी मुद्दा डळमळावा म्हणून ती रविवारमागून रविवार भांडली होती.

"हे चालायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या खात्रीवर मी त्याला तसाच जाऊ दिला. माझ्याकडे माझं असं होतं, ते तुम्ही वापरू दिलं नाहीत. आता माझ्याकडे फक्त तुमचं उरलंय. तुम्ही आता डळमळायचं नाही."

"आई," तो म्हणाला.

"आई म्हणू नका. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, आणि करीन असं वाटतही नाही. पण तुमचंच खरं असू दे. आमचे सगळे फादर, माझी आई, मी, आम्ही सगळे चुकीचे असू दे. मी देवाकडे आता तेवढंच मागते. आणि तुमचं खरं नसलं ना, तर मेल्यावर वर देवापुढेही मी तुम्हाला सोडायची नाही." ती स्टुलावरून पुढे झुकली. "सांगा. तो आत आहे का?"

त्याने छिन्नी बाजूला ठेवली. काळ्या झालेल्या हातांनी डोळे पुसले, तोंडभर काजळी झाली.

"आहे," तो म्हणाला.

"पुन्हा सांगा."